फुलांची तारीख

आमच्या घरात सध्या दोन तारखांवरून जुंपली आहे. आईला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघायचंय, दादाला सप्टेंबरच्या. ठिकाणावर मात्र दोघांचं एकमत आहे: उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातलं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यान. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. रजा मोजून मिळते आणि तो ती मोजूनच खर्च करतो. आई सातारची. हायस्कुलात जीवशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली, पिशवीत अजून भिंग असतं, आणि गुडघ्याची तक्रार ती डॉक्टरांसमोर सोडून कुठेच करत नाही. तिसरी मी. मला कुणी मत विचारलेलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

दादाचा तक्ता आठ दिवसांचा. पुणे ते दिल्ली विमान, संध्याकाळपर्यंत हरिद्वार. दुसऱ्या दिवशी जोशीमठ. तिसऱ्या दिवशी गोविंदघाटहून चालत घांघरिया. चौथ्या दिवशी व्हॅली, पाचव्या दिवशी हेमकुंड साहिब, सहाव्या दिवशी खाली उतरून बद्रीनाथ, सातव्या दिवशी सकाळी औली आणि तिथून सुटायचं ते रात्रीपर्यंत ऋषिकेश. आठव्या दिवशी पुणे. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. सहलीच्या कंपन्यांचे कार्यक्रम साधारण असेच असतात, त्यामुळे त्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार.

“सगळं बसतंय, मावशी. फक्त सप्टेंबर धर.”

“सगळं बसतंय खरं. फुलं कुठे बसवलीस?”

“उद्यान १ जूनला उघडतं, ३१ ऑक्टोबरला बंद होतं. सप्टेंबर त्याच्या आतच येतो की.”

“दार उघडं असतं रे. नाटक संपल्यावरही थिएटरचं दार थोडा वेळ उघडंच असतं.”

मग आईनं त्याला वर्गात बसवलं. व्हॅलीत फुलांचा एकच मोसम नसतो, पंधरा-पंधरा दिवसांनी पाळी बदलते. जूनमध्ये ओढ्यांवर अजून बर्फ साचलेला असतो आणि वितळत्या बर्फाच्या कडेकडेनं प्रिम्युला, ॲनिमोनी फुलतात. बर्फ मागे सरकेल तशी फुलं पुढे सरकतात. जुलैच्या मध्यापासून दरी भरायला लागते: जिरेनियम, पोटेन्टिला, खडकाच्या आडोशानं निळी पॉपी. ऑगस्टमध्ये एपिलोबियमचा आणि तेरड्याचा गुलाबी रंग चढतो. सप्टेंबर उजाडला की हिरवं पिवळं होतं आणि झाडं बी धरायच्या मागे लागतात. पाचशेहून जास्त जातींची फुलझाडं बर्फ जाऊन बर्फ परत येईपर्यंतच्या चार-साडेचार महिन्यांत सगळा संसार उरकतात. सवड अशी कुणालाच नसते.

“तेरडा? आपला गौरीचा?”

“त्याच्याच गोतातला. पण तिकडचा डोक्याएवढा वाढतो.”

“मग बियाच बघू ना. भिंग आहेच तुझ्याकडे.”

हे तो चिडवायला म्हणाला होता. पण आई बियांवर घसरली. तेरड्याची शेंग पिकली की नुसतं बोट लागायचा अवकाश, तिचे पाच पदर स्प्रिंगसारखे आत वळतात आणि बी हातभर लांब उडतं. सातारच्या पोरांना हा खेळ पाठ असतो. भिंगाखाली धरली तर शेंगेवर पाच शिवणी दिसतात आणि नेमकी कुठून फुटणार तेही कळतं. हे सगळं हातवारे करून सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दादाच्या सप्टेंबरची वकिली केली. तिनं लगेच पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

दादाची खरी हरकत फुलांना नव्हतीच, रस्त्याला होती. आणि त्या बाबतीत त्याचा अभ्यास पक्का होता. हरिद्वार ते गोविंदघाट हे अंतर तीनशे किलोमीटरला थोडं कमी. पुणे-नागपूरच्या निम्म्याहूनही कमी. पण त्याला दहा-बारा तास लागतात, तेही रस्ता उघडा असेल तर. रात्री डोंगरात गाड्या सोडत नाहीत, म्हणजे दुपारी चार तास अडकलात की त्या दिवसाचा निकाल लागला. श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मध्ये सिरोबगड, पीपलकोटीच्या पुढे पागल नाला, ही नावं त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना आपल्याला खंडाळा ठाऊक असावा तशी ठाऊक आहेत.

“डोंगर कोवळा, दगड ठिसूळ, त्यात रस्ता रुंद करायला उतारांचा पायथा कापलेला. दोन दिवस झड लागली की वरचं खाली येतं. हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये, मावशी. तू नेमकी तीच तारीख मागतेस.”

“तोच पाऊस दरीत पडतो म्हणून ती फुलं आहेत. पाऊस नको आणि फुलं हवीत, हे कुंडीतल्या झाडांना सांग.”

“मला फुलांसाठी तुझा जीव टांगणीला लावायचा नाही.”

“माझ्या जिवाचं मी बघते. २०१३ साली काय झालं सांग.”

दादाला ते माहीत होतं. १६ आणि १७ जून २०१३. केदारनाथचं सगळ्यांना आठवतं, पण तेव्हाच, व्हॅली ज्यात आहे त्या भ्युंदार खोऱ्यातही पूर आला. गोविंदघाटचा वाहनतळ गाड्यांसकट अलकनंदेनं नेला, घांघरियाच्या वाटेवरचे पूल गेले, भ्युंदार गावाची घरं गेली.

“जून होता,” आई म्हणाली. “पावसाच्या आधी उरकून येऊ म्हणून निघालेली माणसं त्यात सापडली. आणि २०२१ ला? जोशीमठच्या शेजारी ऋषिगंगेला लोंढा आला, दोनशेच्या वर माणसं गेली, तो दिवस ७ फेब्रुवारी. पाऊस नाही, काही नाही. तारीख बघून डोंगर वागतो असं तुला कुणी सांगितलं?”

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण मला इथे दादाचं पटतं, आणि त्यानं ते नीट मांडलंही. दोन मोठे अपघात भलत्या महिन्यात झाले म्हणून पावसाळ्यातल्या रोजच्या दरडी खोट्या ठरत नाहीत. मोठा प्रलय कुणालाच टाळता येत नाही, पण पागल नाल्यापाशी सहा तास अडकणं हा हिशेबात धरायचा धोका आहे, आणि तो ऑगस्टमध्ये सप्टेंबरपेक्षा पुष्कळ जास्त. आईचा युक्तिवाद धीट होता, हिशेबी नव्हता.

मग त्यानं हुकमाचं पान टाकलं.

“ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे कावड यात्रा.”

“कावड श्रावणात असते. यंदा श्रावण तेरा ऑगस्टला लागतोय. मी बघितलंय.”

“आपला श्रावण.”

आई गप्प. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपला अमावास्येनंतर. म्हणून आपल्या आषाढाचा वद्य पक्ष हा तिकडच्या श्रावणाचा पहिला पंधरवडा. गुरुपौर्णिमा झाली की लाखोंच्या संख्येनं कावडिये गंगाजल न्यायला हरिद्वारात उतरतात, ते आपल्या आषाढ वद्य चतुर्दशीपर्यंत. महामार्गाची वाहतूक वळवतात, हरिद्वारात खोली मिळणं मुश्कील होतं, ऋषिकेशपर्यंतची गाडी मुंगीच्या पावलानं जाते. एरवी हे पुष्कळदा जुलैमध्येच उरकतं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळं पुढे सरकून जुलैअखेर ते ऑगस्टचा दुसरा आठवडा, असं आईच्या तारखेवर येऊन बसलंय. आमच्या भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात त्याची खूण नाही, असायचं कारणही नाही. पण पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांनी तारीख ठरवण्याआधी एवढं एक गणित मांडून बघावं.

“मग अमावास्येनंतर,” आई म्हणाली.

“अमावास्येनंतर लगेच पंधरा ऑगस्ट. त्या सुट्टीला अर्धी दिल्ली डोंगरात असते.”

“पंधरा झाल्यावर. सोळाला निघू. त्याच्या पुढे मी एक दिवस सरकणार नाही.”

म्हणजे दोघंही आपापल्या जागेवरून पंधरा-पंधरा दिवस हलले. किंमत आईनं मोजली. जिरेनियमचा भर ओसरलेला असेल, निळी पॉपी दरीत मिळाली तर मिळाली. तेरडा मात्र हमखास. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते एका फुलापुरतं खरं. अख्ख्या उताराला तो ऑगस्टभर पुरतो.

यानंतरचा वाद वेगळ्याच गावाला गेला. सुरुवात दादाच्या एका सरळ वाक्यानं झाली. तो म्हणाला, स्माइदनं ही दरी शोधली. १९३१ साली फ्रँक स्माइद आणि त्याचे सोबती कामेट शिखर सर करून परतत होते, खराब हवेत भ्युंदार खिंड ओलांडली आणि फुलांनी भरलेल्या दरीत उतरले. १९३७ ला स्माइद फुलांसाठी म्हणून परत आला आणि पुढच्या वर्षी त्यानं पुस्तक लिहिलं. दरीचं इंग्रजी नाव जगभर झालं ते त्या पुस्तकानं.

“शोधली?” आई म्हणाली. “भ्युंदारचे लोक तिथे शेळ्या-मेंढ्या चारत होते ना? की त्यांना ती दिसत नव्हती?”

“बरं, जगाला सांगितली. पण चराई चालू राहिली असती तर आज तू बघायला काय उरलं असतं? १९८२ ला राष्ट्रीय उद्यान केलं, मेंढ्या बंद केल्या, म्हणून तर २००५ ला जागतिक वारसा झाली. काही जागा माणसाविना ठेवाव्याच लागतात.”

“कासला हेच म्हणत होते.”

कास आमच्या घरापासून तासाच्या आत, त्यामुळे या विषयावर आईचा आवाज चढतो. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात कासचं पठार आलं. गर्दी लोटली, पठाराला तारेचं कुंपण घातलं. गुरं आत जायची थांबली. काही वर्षांनी फुलं कमी झाल्याची ओरड सुरू झाली: गवत माजतंय, चरणारं कुणी नाही, लहान फुलझाडांना उजेड मिळत नाही. शेवटी कुंपण काढावं लागलं.

“आणि व्हॅलीतही तेच,” ती म्हणाली. “चराई थांबली आणि अमेला माजला.”

अमेला हे पॉलिगोनमच्या कुळातलं झुडूप, पुरुषभर उंच होणारं. बाहेरून आलेलं नाही, हिमालयाचंच आहे. पण दाट रान करतं आणि त्याच्या सावलीत बुटकी फुलझाडं गुदमरतात. वनखातं दरवर्षी माणसं लावून ते उपटतं.

“म्हणजे माणसाला बाहेर काढलं,” आई म्हणाली, “आणि त्याच्या मेंढ्या जे फुकट करत होत्या ते आता रोजंदारीनं करून घेतात.”

“असं सिद्ध कुठे झालंय?” दादा सहसा आवाज चढवत नाही, पण चढवला. “मेंढ्या बसून बसून, लेंड्या साठून जमीन खतावली होती, माती मोकळी झाली होती, म्हणून अमेल्याला आयती जागा मिळाली असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. दरडी आणि हिमलोट येतात तिथे उघड्या जमिनीवर तो सगळ्यात आधी उगवतो. उपटून उपटून उतार आणखी मोकळा होतो तो वेगळाच. एक कास बघितलंस म्हणून सगळ्या डोंगरांचं निदान करू नकोस.”

मला वाटतं, हे तो बरोबर बोलला. कास बाराशे मीटरवरचा जांभ्याचा सडा. चार महिने पाऊस, आठ महिने ऊन. व्हॅलीचा तळच तीन हजारांच्या वर, आणि अर्धं वर्ष बर्फाखाली. एकीकडचं औषध दुसरीकडे चालेल असं नाही. तरी आईचा प्रश्न त्यानं पुसला जात नाही. साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरच्या या उद्यानात मेंढीला बंदी आहे आणि आमच्यासारख्यांना तिकीट आहे. आमच्या बुटांनी काय होतं याचा हिशेब भ्युंदारच्या मेंढपाळाच्या हिशेबाइतक्या कडकपणे कुणी मांडत नाही.

दादानं यावर एक चांगली गोष्ट केली. वाद जिंकायचा सोडून तो तक्त्याकडे वळला.

“मग तू म्हणशील तसा गाइड घेऊ. इकडून कंपनीचा नको, भ्युंदार-पुलना गावांतलाच. हिवाळ्यात ते लोक खाली असतात, मोसमात वर. त्यांच्या गावाच्या समितीची माणसं त्या वाटेवरचा कचरा उचलतात. पैसे तिकडेच जाऊ देत.”

“आणि मला झाडांची त्यांची नावं कळतील,” आई म्हणाली.

“पण ऑक्सिजनची सोय आणि बोटाला लावायचं ते यंत्र मी घेणार. त्यावर चर्चा नाही.”

चर्चा झाली नाही. उंचीच्या बाबतीत दादा कुणाचं ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे. आपण सह्याद्रीची माणसं उंची पायात मोजतो, श्वासात मोजायची सवय नसते. कळसूबाई १,६४६ मीटर. गोविंदघाट, जिथे गाडीतून उतरायचं, तेच कळसूबाईहून उंच. तिथून पुलनापर्यंत चार किलोमीटर जीप, पुढे साधारण दहा किलोमीटर चढण चालून घांघरिया, सुमारे ३,०५० मीटर. तिथे वाट फुटते: डावीकडे व्हॅली, उजवीकडे हेमकुंड. व्हॅलीत मुक्कामाला परवानगी नाही. सकाळी सातला सोडतात आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं. खेचरंही आत सोडत नाहीत. फार तर हमालाच्या पाठीवरच्या टोपलीत, म्हणजे कंडीत, बसून माणूस जाऊ शकतो, आणि आई कंडीत बसेल हे तिला ओळखणारा कुणी मनातसुद्धा आणणार नाही.

“व्हॅलीला एक दिवस ठेवलायस,” आईनं तक्त्यावर बोट ठेवलं. “जाऊन-येऊनच निम्मा दिवस. मी काय फुलांना हात हलवत जाऊ?”

“किती हवेत?”

“दोन. शिवाय दोन कोरे.”

“कोरे म्हणजे?”

“ज्यात काही लिहायचं नाही.”

“मावशी, कोऱ्या दिवसाची रजा कशी मागू? कारण काय लिहू?”

मला हसू आलं, पण त्याची अडचण खरी होती. त्याच्या कचेरीत रजेला कारण लागतं आणि आईच्या मते ज्या दिवसाला कारण नाही तोच खरा रजेचा दिवस. तोडगा दादानंच काढला. कोऱ्या दिवसांची जागा करायची तर काहीतरी जायला हवं. औली पहिल्या झटक्यात गेली. ऑगस्टमध्ये तिथे धुकं आणि गवत. जोशीमठहून वर नेणारा रोपवे तर २०२३च्या जानेवारीत बंद पडला, शहरातल्या शेकडो घरांना भेगा गेल्या तेव्हाच. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, इथे जड बांधकाम नको, असं सरकारी समितीनं १९७६ सालीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे रात्रीचा मुक्कामही आईनं जोशीमठहून उचलून अलीकडे पीपलकोटीला आणला. आपल्या एका खोलीनं त्या शहराचं काही बिघडणार किंवा सुधारणार नाही, हे तिलाही कळतं. तरी आणला.

बद्रीनाथवर मात्र अडलं. गोविंदघाटहून जेमतेम पंचवीस किलोमीटर.

“इतक्या जवळ जाऊन बद्रीनाथ नाही केलं तर आजीला काय तोंड दाखवू?” दादा म्हणाला.

“माझी आई आहे ती. तिला मी समजावते.”

“तू समजावशील, ऐकून मी घेईन.”

शेवटी बद्रीनाथ कोऱ्या दिवसात घातलं. म्हणजे असं: जाताना रस्ता बंद मिळाला, किंवा व्हॅलीत दिवसभर मुसळधार लागली, तर कोरे दिवस तिकडे खर्ची पडतील. नाहीच पडले, तर परतताना बद्रीनाथ. तिथेही वाटेत लामबगडची दरड आहे, तेव्हा नवस बोलू नये. ही युक्ती मला फार आवडली. जे गेलं तरी चालेल ते सगळ्यात शेवटी ठेवायचं, आणि ज्यासाठी निघालो ते आधी. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकांत हे नेमकं उलटं असतं, कारण तिथे प्रत्येक ठिकाण छापलेलं असतं आणि छापलेलं वगळलं की गिऱ्हाईक भांडतं.

दादानं एक अट घातली, आणि ती त्यानं आईकडून चक्क वहीत लिहून घेतली. हरिद्वारला पोचल्यावर हवामान खात्याचा चमोलीसाठी लाल इशारा असेल तर पुढे निघायचं नाही. दोन दिवस थांबायचं. तरी उतरला नाही तर डेहराडून-मसुरी बघून परत.

“आणि व्हॅली?”

“पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी माझा गुडघा…” आईनं वाक्य तोडलं आणि सही केली.

राहिलं हेमकुंड. दादाला ते हवं होतं कारण यादीत होतं. आईला आता ते जास्तच हवं झालं, कारण उंचीवर मोसम उशिरा येतो: दरीत ओसरलेली निळी पॉपी वरच्या खडकांत मिळायची शक्यता, आणि ब्रह्मकमळ तर तिथलंच. आपण बाल्कनीत रात्री फुलणारं जे ब्रह्मकमळ म्हणून मिरवतो ते निवडुंग आहे, मूळचं अमेरिकेतलं. त्याचे फोटो पाठवणाऱ्या नातेवाइकांना आई गेली कित्येक वर्षं हे सांगते आहे आणि कुणी ऐकत नाही. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, फिकट हिरवट पानांच्या दुलईत जांभळट बोंडं गुंडाळलेलं. ते एकदा प्रत्यक्ष बघून यायचं आणि मग वाद घालायचा, हा तिचा अंतस्थ हेतू आहे.

“तू तीर्थाला जातेस की फुलाला?” दादानं विचारलं.

“दोन्हीकडे एकाच वाटेनं जायचंय. ती वाट भाविकांनी केली. हेमकुंड १९३०च्या दशकात शिखांनी शोधून काढलं, तिथे गुरुद्वारा झाला, यात्रा वाढली, म्हणून घांघरियात रस्ता, जेवण, झोपायला जागा आहे. नुसत्या फुलवेड्यांसाठी कुणी एवढं केलं नसतं. त्यांच्या लंगरमध्ये चहा-खिचडी खाऊन परस्पर दरीत पळायचं, हे मला बरं वाटत नाही.”

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण गुडघा होता. हेमकुंड चौदा हजार फुटांच्या वर. घांघरियाहून सहा किलोमीटर आणि तेवढ्यात हजार मीटरहून जास्त चढ. वर मुक्काम नाही, दुपारी उतरायला लागायचं.

“तिथे खेचरं चालतात. चढताना खेचर, उतरताना चालत. ठरलं.”

“खेचरावर बसून फुलं कशी बघू? भिंग काय ते धरणार?”

“मावशी, चढ आहे तो.”

“गुडघ्याला चढ नडत नाही, उतार नडतो. तुझ्या तक्त्यात हे नाही.”

दादानं फोनवर शोधलं आणि त्याला ते खरं निघालेलं दिसलं. “मग उतरताना खेचर.”

“ओल्या दगडी पायऱ्यांवरून खेचर उतरताना बघितलंयस? वर बसलेला माणूस पूर्ण वेळ पुढच्या खेचराची शेपटी बघत देवाचा धावा करतो.”

“मग अजिंक्यतारा किल्ला,” दादा म्हणाला. “आजपासून रोज सकाळी पायथ्यापासून वर आणि चालतच खाली. जुलैअखेर उतरताना गुडघा दुखला तर हेमकुंड रद्द, आणि हे हिनं मला कळवायचं, तू नाही.”

ही म्हणजे मी. अशा रीतीनं या मोहिमेत मला एकदाचं काम मिळालं.

“आणि नाही दुखला तर?” आईनं विचारलं.

“तर तू चालत. मी खेचरावर.”

“तू शेवटचा डोंगर कधी चढलास रे?”

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. मग तक्त्यात नवा रकाना घातला, ‘अजिंक्यतारा’, आणि शनिवार-रविवारच्या चौकटींत स्वतःचं नाव लिहिलं.